पाठीच्या गोळ्या

मी मेल्फालन बोलतेय. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल आणि ते ऐकायची वेळ तुमच्या घरावर येऊ नये. मुठीत मावेल एवढी तपकिरी काचेची बाटली, वर पांढरं झाकण, आत पांढऱ्या गोल गोळ्या. कॅल्शियमच्या नाहीतर पित्ताच्या गोळ्यांची बाटली दिसते तशीच मी दिसते. माझी पहिली अडचण हीच आहे. मला बघून कुणाला भीती वाटत नाही.

माझं कूळ मात्र भीती वाटावी असंच आहे. शंभरेक वर्षांपूर्वी एका मोठ्या युद्धात सैनिकांवर विषारी वायू सोडला गेला. ज्यांच्या अंगाला तो लागला त्यांच्या कातडीवर फोड आले, कित्येकांचे डोळे गेले. जे थोडे दिवस जगले त्यांचं रक्त तपासताना डॉक्टरांना दिसलं, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात. पुढं कुणाच्या तरी मनात आलं, की ज्या माणसाच्या रक्तात पेशी नको तेवढ्या वाढतात त्याला हेच विष जपून, मोजून दिलं तर? त्या वायूची भावंडं मग प्रयोगशाळेत तयार झाली. मी त्यांच्यातलीच एक.

माझं काम सांगायला सोपं आहे. पेशीच्या पोटात एक दुपदरी धागा असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर ते पदर सुटे व्हावे लागतात. मी जाऊन त्या पदरांना गाठ मारते. गाठ बसली की पेशी वाढत नाही, मरून जाते. पण कॅन्सरची पेशी कुठली आणि चांगली कुठली, हे मला ओळखता येत नाही. जी भराभर वाढते ती सापडते. हाडांच्या आतली मज्जा, जिथं रक्त तयार होतं, ती भराभर वाढते. तोंडातली नाजूक कातडीही तशीच. म्हणून मला काही दिवस द्यायचं आणि मग कित्येक आठवडे थांबायचं, असा नियम आहे. त्या थांबण्यात चांगल्या पेशी पुन्हा उभ्या राहतात. थांबलं नाही तर काय होतं, तेच मी सांगणार आहे.

कारखान्यात मला बनवणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असायची. दुहेरी हातमोजे, तोंडावर नळीचा मुखवटा. त्यांच्यातलं कुणीही मला कधी उघड्या हातानं शिवलं नाही. तिथून थंड डब्यातून मी सांगलीच्या एका औषध दुकानात आले आणि तिथं मला भरतेश चौगुले यांनी घेतलं.

भरतेश कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. रोज पलूसजवळच्या गावातून मोटारसायकलनं ये-जा करायचे. आईच्या, गुणमालाबाईंच्या मणक्यातलं एक हाड आपोआप पिचलं होतं. तपासण्या झाल्या आणि हाडांच्या मज्जेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हे भरतेशना खोलीबाहेर नेऊन सांगितलं.

भरतेशनी तिथंच ठरवलं, की आईला हा शब्द कळू द्यायचा नाही. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांना, वर्धमानअण्णांना, अशाच आजाराचं नाव कळलं आणि त्या दिवसापासून त्यांनी न जेवता ताट पुढं सरकवायला सुरुवात केली होती. आजारानं नेण्याआधीच ते गेले, असं भरतेशना वाटायचं. आई तसं करेल याची त्यांना धास्ती होती. त्यांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं, की आईसमोर फक्त पाठीचं दुखणं म्हणा. बायकोला आणि जवळच्या पाहुण्यांना खरं सांगितलं, पण आईपुढं बोलू नका म्हणून बजावलं.

दुकानदारानं मला हातात देताना बजावलं होतं. फ्रिजमध्ये ठेवा, गोळी फोडू नका, उघड्या हातानं हाताळू नका, सांगितलेल्या दिवसांपेक्षा एक दिवसही जास्त देऊ नका. भरतेशनी सगळं नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला अंगणातल्या नळाखाली धरलं आणि अंगठ्याच्या नखानं माझ्यावरचं लेबल खरवडून काढलं. त्यावर माझं नाव होतं, कॅन्सरचा उल्लेख होता, विषाची खूण होती. सगळं ओल्या कागदाच्या गोळ्या होऊन मोरीत गेलं. मागं नुसता डिंकाचा डाग राहिला.

"ही तुझ्या पाठीची गोळी, आई," त्यांनी सांगितलं आणि मला फ्रिजच्या दारात, ताकाच्या बाटलीशेजारी ठेवलं.

माझं काम चांगलं चाललं होतं, हेही सांगितलं पाहिजे. ठरलेल्या सकाळी भरतेश कामावर जायच्या आधी झाकणात गोळ्या काढून आईच्या तळहातावर सोडायचे. जोडीला दुसऱ्या पाकिटातल्या गोळ्या असायच्या. चार दिवस झाले की मला परत दारात ठेवायचे आणि मग महिनाभर माझ्याकडं कुणी बघायचं नाही. काही फेऱ्या झाल्या आणि गुणमालाबाई अंथरुणावरून उठल्या. मग स्वयंपाकघरात पाटावर बसून भाजी निवडू लागल्या. एक दिवस काठी न घेता बस्तीत, जैन मंदिरात, दर्शनाला जाऊन आल्या. भरतेश त्या दिवशी माझ्याकडं बघून हसले. मी मात्र गुणमालाबाईंच्या रक्तात काय करत होते ते मला ठाऊक होतं. त्यांचं रक्त दर महिन्याला खाली जात होतं आणि थोडंथोडं वर येत होतं. रिपोर्ट बघून डॉक्टर गोळ्या कमीजास्त करत होते. सगळं मोजून मापून चाललं होतं.

पारूबाई त्या घरात रोज यायच्या. त्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. भरतेश लहान असताना त्यांच्याच कडेवर बसून अंगणवाडीत जायचे. नोकरी संपली होती, नवरा नव्हता, मुलगी आम्रपाली साताऱ्यात शाळेत शिक्षिका होती. माहेर वडूजकडचं, पण तिथंही आता कुणी उरलं नव्हतं. त्यामुळं दुपार उतरली की त्या सरळ चौगुल्यांच्या स्वयंपाकघरात यायच्या, स्वतःच फ्रिज उघडून पाणी घ्यायच्या आणि गुणमालाबाईंच्या समोर बसायच्या. दोघींचं बोलणं मी दाराआडून ऐकायचे. लेकीचं लग्न, बचत गटातली भांडणं, कुणाच्या बागेत द्राक्षाला भुरी पडली, असलं काहीबाही.

पारूबाईंची पाठ दुखायची. वर्षानुवर्षं खिचडीची पातेली उचलून आणि पोरांना कडेवर घेऊन ती कामातून गेली होती. दुखणं थांबावं म्हणून त्या मिळेल ती गोळी खायच्या. मेडिकलवाला देईल ती, शेजारीण सांगेल ती. त्या दिवशी बसताना त्यांना भिंतीला धरावं लागलं.

गुणमालाबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, फ्रिज उघडला आणि मला बाहेर काढलं.

"माझं बी आसंच व्हायचं, पारू. भरतेशनं मोठ्या डॉक्टरकडनं ह्या पाठीच्या गोळ्या आणल्यात. लय गुण हाय ह्यास्नी. तू घेऊन तर बघ."

"आवं गुणाक्का, पण तुमास्नी लागतील की."

"मला महिन्यातनं चारच दिस लागत्यात. बाकीचं दिस नुसत्या पडून तर आसत्यात."

माझं झाकण दाबून फिरवावं लागतं. गुणमालाबाईंच्या बोटांना ते जमेना. क्षणभर मला वाटलं, की आता राहू दे म्हणतील. पण पारूबाईंनी मला हातात घेतलं आणि तळव्यानं दाबून सहज उघडलं. गुणमालाबाईंनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर गोळ्या ओतल्या. अर्ध्याहून जास्त. पारूबाईंनी विचारलं, की किती घ्यायच्या. गुणमालाबाई म्हणाल्या, की मी दोन घेते, तुझं अंग बारीक, तू एकच घे. पण तुझं दुखणं रोजचं, तवा रोज घे, खंड पाडू नको.

पुडी कमरेच्या पिशवीत गेली. मला परत ताकाच्या शेजारी ठेवलं. दार बंद झालं आणि आतला दिवा विझला.

मला आवाज नाही. असता तरी त्या प्रेमानं दिलेल्या पुडीपुढं माझं कुणी ऐकलं असतं का, कोण जाणे.

पहिले काही दिवस पारूबाई खुशीत होत्या. पाठ हलकी वाटतेय म्हणाल्या. खरं तर तसलं पाठीचं दुखणं माझ्यानं थांबत नाही. पण गुणाक्कांनी दिलंय, मोठ्या डॉक्टरचं आहे, एवढ्यानंच माणसाला बरं वाटतं. त्या दोघी तेव्हा हसून बोलत असायच्या आणि पारूबाईंच्या हाडांच्या आत मी गाठीवर गाठ मारत चालले होते. मी लगेच दिसत नाही. रक्तात आधी तयार असलेल्या पेशी काही दिवस पुरतात. त्या संपतात आणि मागून नवीन येत नाहीत, तेव्हा कळतं.

मग पारूबाईंचं तोंड आलं. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. दोघींनी मिळून ठरवलं, की उष्णता झालीय. गुणमालाबाईंनी वाटीत साजूक तूप काढून दिलं, तोंडात धर म्हणाल्या. पुढच्या वेळी पारूबाई आल्या तेव्हा त्यांच्या दंडावर काळेनिळे डाग होते. कुठं आपटलं ते आठवत नव्हतं. चूळ भरताना लाल पाणी येतं, असंही त्या म्हणाल्या. गुणमालाबाईंनी विचारलं, की गोळ्या चालू हायेत न्हवं? पारूबाई म्हणाल्या, की व्हय, एक दिवसही चुकवली न्हाई.

त्यानंतर त्या आल्याच नाहीत.

आम्रपाली साताऱ्याहून आली, एवढं कानावर आलं. आईला ताप भरला होता आणि उतरत नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी नाहीत, रक्त गोठवणाऱ्या पेशी नाहीत. डेंग्यूची शंका घेऊन त्यांनी सांगलीला पाठवलं. तिथं डेंग्यू निघाला नाही. डॉक्टरांनी आम्रपालीला पुन्हापुन्हा विचारलं, की आई कसल्या गोळ्या घेत होती. तिनं आईच्या पिशवीतून दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून दाखवली. माझी पुडी केव्हाच संपली होती आणि कागद चुलीत गेला होता. पारूबाई तापाच्या गुंगीत होत्या. रक्ताचाच कॅन्सर असेल, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासू, इथपर्यंत बोलणं आलं होतं.

हे सगळं भरतेश घरी येऊन आईला सांगत होते. गुणमालाबाई जपाची माळ घेऊन बसायच्या आणि पारूला आराम पडू दे म्हणायच्या. त्या काहीच लपवत नव्हत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं.

गुणमालाबाईंच्या पुढच्या फेरीची सकाळ आली. भरतेशनी मला फ्रिजमधून काढलं आणि सवयीनं हलवलं. आवाज पोकळ आला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"आई, ह्यातल्या गोळ्या कुठं गेल्या?"

"पारूला दिल्या की. तिची बी पाठ लय दुखायची."

भरतेश फ्रिजला पाठ लावून हळूहळू खाली बसले. मी त्यांच्या हातात होते. आई विचारत होती, की काय झालं रं, चक्कर आली का. त्यांनी खिशातून फोन काढला. अंगणात जाऊन बोलावं, एवढं त्यांना सुचलं असेल. पण ते उठले नाहीत. त्यांनी तिथंच, आईच्या समोर, आम्रपालीला फोन लावला.

"डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता सांग. मावशीनं मेल्फालन खाल्लीय. मे-ल्-फा-लन. आमच्या घरातली. कॅन्सरची गोळी हाय ती."

भरतेशनी फोन ठेवला. गुणमालाबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. नंतर त्यांनी शेगडीवरचं दूध उतरवलं, गॅस बंद केला आणि पायांत चपला घातल्या.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही सांगलीला निघालो. मी भरतेशच्या शर्टाच्या खिशात होते. नांद्रे मागं पडेपर्यंत गुणमालाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कवापासनं हाय मला?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आणि तुझ्या बायकोला, पाव्हण्यास्नी, समद्यास्नी ठावं हाय?"

भरतेशनी होकाराची मान हलवली. गुणमालाबाईंनी खिडकीची काच वर घेतली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला सांगितलं आसतंस, तर मी पारूला दिल्या आसत्या व्हय रं?"

त्या खिशात मी भरतेशच्या छातीचे ठोके ऐकत होते.

हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी मला हातमोजे घालून हातात घेतलं. माझ्या अंगावरचा डिंकाचा डाग त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि लेबल कुठं आहे ते विचारलं. भरतेशनी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एक पांढरी पट्टी घेऊन त्यांनी माझं नाव ठळक लिहिलं आणि ती मला चिकटवली. मग आम्रपालीला समोर बसवून त्या शांतपणे बोलल्या. ह्या औषधावर उतारा नाही. मज्जा स्वतःहून परत उभी राहायची वाट बघायची, तोवर रक्त द्यायचं, जंतुसंसर्ग आवरायचा. वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाऊन आईच्या किडन्या आधीच थकल्या होत्या, त्यामुळं औषध शरीरात जास्त वेळ राहिलं. ताप आला त्याच दिवशी हे कळलं असतं तर जरा जास्त संधी होती.

आम्रपालीनं एकदाच भरतेशकडं पाहिलं. त्या नजरेत शिवी असती तर बरं झालं असतं.

भरतेशनी रक्तातल्या पेशी दिल्या, वर्कशॉपमधल्या मित्रांना बोलावून द्यायला लावल्या. पारूबाई काचेपलीकडच्या खोलीत होत्या. मधे एकदा त्यांचा ताप उतरला आणि त्यांनी गुणाक्का कशी आहे ते विचारलं, असं नर्सनं बाहेर येऊन सांगितलं. मग तो संसर्ग छातीत उतरला. पांढऱ्या पेशी परत दिसू लागल्याचा रिपोर्ट ज्या सकाळी आला, त्याच सकाळी पारूबाई गेल्या.

पोलिसांनी जबाब घेतले. आम्रपालीनं कुणावरही तक्रार केली नाही. पण चौगुल्यांच्या घरी ती आलीही नाही.

गुणमालाबाईंनी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरबाईंनी समजावलं, भरतेश पाया पडले. त्या एवढंच म्हणायच्या, की जे खाऊन पारू गेली ते माझ्या तोंडात जाणार न्हाई. महिना उलटला. पाठ पुन्हा दुखू लागली, भिंत धरून चालणं पुन्हा सुरू झालं. मी फ्रिजच्या दारात पडून होते. माझ्या नसण्यानंही तिथं एक मरण हळूहळू तयार होत होतं.

पारूबाईंच्या मरणानंतरच्या जलदान विधीला गुणमालाबाई गेल्या होत्या, पण मागं बसून, कुणाशी न बोलता परत आल्या होत्या. नंतर एका सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि त्या एकट्याच पारूबाईंच्या घरी गेल्या. आम्रपाली घर आवरून कुलूप लावायच्या तयारीत होती. गुणमालाबाईंनी मला उंबऱ्यावर ठेवलं.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "तुझ्या हातानं फेकून दे. माझ्या घरात नको."

आम्रपालीनं मला उचललं नाही. वाकून पट्टीवरचं नाव वाचलं. मग विचारलं, "तुमी घेताय का आता?"

"न्हाई."

ती दाराच्या कडीशी खेळत उभी राहिली. तिला राग होता, तो गेला नव्हता, हे मला खालून स्पष्ट दिसत होतं.

"ह्या बाटलीनं एक माणूस नेलं, अक्का. दुसरं तरी राहू द्या. मला तुमच्याकडं इतक्यात यायला जमायचं न्हाई. पण घ्या गोळ्या."

एवढं बोलून तिनं कुलूप लावलं आणि स्टँडकडं निघून गेली.

गुणमालाबाई आता गोळ्या घेतात. झाकण भरतेश उघडतात, पण दिवस त्या स्वतः मोजतात आणि चौथ्या सकाळनंतर मला स्वतःच्या हातानं आत ठेवतात. एकदा त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, की ही माझा आजार पुरता घालवील का. डॉक्टरबाईंनी खरं सांगितलं. आजार दबेल, जाणार नाही. आणि पुष्कळ वर्षं गेल्यावर कधीकधी हेच औषध रक्तात दुसरा कॅन्सर उभा करतं, म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत. गुणमालाबाईंनी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी त्या नेहमीएवढंच जेवल्या. ताट पुढं सरकवलं ते समोर बसलेल्या भरतेशनी.

माझ्यात आता थोड्याच गोळ्या उरल्यात. संपले की मला कचऱ्यात टाकायचं नाही, हॉस्पिटलला परत द्यायचं, असं ठरलंय. तिथं पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाईन. त्याआधी तुम्हाला एकच विनवणी. कुणी कितीही मायेनं दिली तरी दुसऱ्याची गोळी तोंडात टाकू नका. आणि ज्याचा आजार आहे त्याच्यापासून आजाराचं नाव लपवू नका. नाव न कळलेलं विष कुणाच्याही घरात मजेत राहतं.

माझं कुणी ऐकेल की नाही, याची मला खात्री नाही. परवाच भिलवडीकडचे एक लांबचे पाहुणे आले होते, नानासो. कमरेला पट्टा बांधलेला. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं, की गुणाक्का अंथरुणाला खिळल्या होत्या आणि गोळ्या घेऊन चालत्या झाल्या. गुणमालाबाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. स्वतःच्या आजाराचं नाव सांगितलं. पारूबाईंचं सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

नानासोंनी सगळं ऐकलं. हळहळले. पेल्यातलं पाणी संपवलं. मग कमरेवर हात ठेवून, फ्रिजकडं बघत, त्यांनी हळूच विचारलं,

"आर्धी घेतली तर चालंल का, अक्का?"